नळाच्या दिवशी धुतलेल्या बाटल्या

१ मार्च, शनिवार

आज नळ आला. आठव्या दिवशी. कॅलेंडरवर ‘न’ काढला. ड्रम भरले, तुरटी फिरवली, धुणं, भांडी, मोरी — दीड तासात सगळं. सून म्हणते, “आत्या, जरा बसा.” रत्नमाला चांगली आहे, पण नळाला ‘जरा थांब’ म्हणून दाखव म्हणावं.

नातीच्या बाटल्याही धुतल्या. अपेक्षानं रसायनात एम.एस्सी. केली. शेंद्र्याच्या बाजूला पाणी-माती तपासायची एक लॅब आहे, तिथं जानेवारीपासून जाते. अजून कच्ची आहे. एकतीस मार्चला पक्की करायची का घरी बसवायची, ते तिथल्या सुलेखा मॅडम ठरवणार. पोरगी सकाळच्या एसटीनं घरूनच खेड्यांत जाते, विहिरींचं पाणी आणायला. म्हणून रिकाम्या बाटल्या आधीच घरी येऊन पडतात. काचेच्या, बारा.

आज पहिल्यांदाच हुंगून पाहिल्या. साबणाचा वास नावाला नाही. नुसत्या विसळलेल्या. कोण धुतं तिथं कोण जाणे! पावडर टाकली, ब्रश फिरवला, खळखळून विसळल्या, उजेडात धरल्या. पाणी एकसंध उतरलं. थेंब लटकला म्हणजे काच मळकी — कॉलेजच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं हेच केलं मी. एकाही सरानं बाटली परत पाठवली नाही.

पोरीला सांगितलं नाही. धुणाऱ्यानं सांगत फिरू नये.

३ मार्च, सोमवार

अपेक्षा तोंड पाडून आली. विचारलं तर म्हणाली, “आजी, शेतातलं खत विहिरीत उतरतं का ते बघतो आम्ही. पाण्यात औषध टाकायचं. खताचा अंश असला की पाणी निळं होतं. जितकं निळं तितका अंश.”

“मग?”

“मग सगळंच निळं झालं. पडताळ्याला शुद्ध पाण्याची एक बाटली नेते मी. ज्यात काहीच नाही. तीपण निळी.”

मॅडम म्हणाल्या म्हणे, हात स्वच्छ ठेवत जा. आमच्या घरातल्या पोरीला! मी असते तर मॅडमची नखं बघितली असती आधी.

५ मार्च

त्या निळ्याचाच विचार. पाणी दिसायला सारखंच. एकात अंश, एकात नाही. डोळ्याला कळत नाही, जिभेला कळत नाही, अन एक थेंब टाकला की पाणी आपणहून कबूल करतं. पोलिसाला जमत नाही ते.

कॉलेजात मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातात फडकं होतं. एक पोरगा नळीतून थेंब थेंब सोडत होता. काही नाही, काही नाही, अन एका थेंबात सगळं गुलाबी. मी फडकं पिळायचं विसरले. सर म्हणाले, “मावशी, एक थेंब कमी असता तर झालं नसतं.” तेव्हापासून थेंबाला मी मानते. माणसांना कमी मानते.

शाळा चौथीपर्यंतच. बाकीचं वाचायला बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांनी शिकवलं. एच टू एस ओ फोर मी लांबून वाचते. लग्नपत्रिका वाचायला वेळ लागतो. ही वहीपण तिथलीच, पोरांची उरलेली जर्नलं. डावं पान आकृतीसाठी कोरं असतं. माझ्याकडं आकृती नाही. कोरंच राहू दे.

७ मार्च

आज सगळं ठीक. एक पण बाटली निळी नाही. पोरगी दोन भाकरी जेवली.

९ मार्च, रविवार

नळ. बाटल्या धुतल्या. मॅडमला स्वच्छता पाहिजे ना — पावडर दुप्पट घातली. अशा चकाकल्या की आरसा करावा.

११ मार्च

पुन्हा निळं. मागच्यापेक्षा गडद.

देवगाव रंगारीहून कडूबाचा फोन. माझा चुलतभाऊ, त्याची विहीर अपेक्षाच्या यादीत आहे. “अक्का, तुझी नात तीन तारखेला म्हनली इहिरीत खत लई. सातला म्हनली काईच नाय. आज पुन्यांदा लई. इहीर हाय का सरडा?”

मी म्हटलं, “तू खत किती टाकतो ते सांग आधी.”

“शेजारी टाकतो तेवढं.”

“अन शेजारी किती टाकतो?”

“मी टाकतो तेवढं.”

घ्या. दोघंही एकमेकांकडं बघून पोती रिकामी करतात. मोजायला कुणीतरी पाहिजे ते यासाठीच. पण मोजणारीचंच माप चुकायला लागलं तर कडूबा ऐकणार कशाला? मॅडमनी बोलावून सांगितलं तिला — असंच चाललं तर एकतीसला अवघड आहे.

१२ मार्च

पावडरीचा डबा उघडाच. झाकण बाजूला, वरून उकरलेलं. रत्नमालाला विचारलं, ती म्हणते मी हात नाही लावला. मग काय उंदरानं आंघोळ केली?

१५ मार्च, शनिवार

अपेक्षा डाळ शिजताना बघत होती. ड्रमाच्या पाण्यात शिजते, बोअरच्या पाण्यात दाताखाली कचकच लागते. “का गं?” मी तिची परीक्षा घेतली. तिनं सांगितलं — बोअरच्या पाण्यात विरघळलेला दगड असतो, तो डाळीला आतून धरून ठेवतो, मऊ होऊ देत नाही. खाण्याचा सोडा टाकला की त्याची पकड सुटते. माझी आई सोडा टाकायची. तिला दगड माहीत नव्हता, पकड माहीत होती.

अशी पोरगी. कॉलेजात असल्याच टेबलांखालची फरशी मी पुसलेली, ही टेबलाशी स्टुलावर बसते. त्याचं मला रडू वगैरे येत नाही. बसायचंच होतं कुणीतरी. पण स्टुलावरून तिला कुणी उठवलं तर मी बघून घेईन.

१७ मार्च

नळ. आज सहाच बाटल्या घरी आणल्या. बाकीच्या लॅबमध्ये ठेवल्या म्हणाली. सहा धुतल्या.

१९ मार्च, बुधवार

सहा निळ्या, सहा साध्या. एकाच विहिरीचं पाणी, दोन बाटल्यांत दोन तऱ्हा. मला वाटलं आता रडेल. रडली नाही. लिहीत बसली. मॅडमनी अठ्ठावीसला खोलीत बोलावलंय. पक्कं का घरी, तेव्हाच सांगणार.

२० मार्च

स्वयंपाकघरातल्या माझ्या कॅलेंडरवर लाल पेनानं तीन गोल. तीन, अकरा, एकोणीस. हे तिचे वाईट दिवस. माझ्या कॅलेंडरवर दूधवाला, गॅस अन नळ एवढंच असतं. तिथं हिचं काय काम?

२२ मार्च, शनिवार

आज लसूण सोलताना दिसलं.

‘न’ एकला. गोल तीनला. ‘न’ नऊला. गोल अकराला. ‘न’ सतराला. गोल एकोणीसला. नळ आला की मधला एक दिवस सोडून गोल. सातला नळाच्या दिवशी धुतलेल्या बाटल्या नव्हत्या, सातला गोल नाही. अन एकोणीसला निळ्या झाल्या त्या सहाच. घरी आल्या त्याही सहाच.

मी धुतल्या त्या निळ्या झाल्या.

लसूण तसाच ठेवला. वाटलं, चुकत असेन. पुन्हा बोट ठेवून मोजलं. चुकत नाही. खताचा अंश माझ्या पावडरीत असणार. खत शेतात असतं, पावडर मोरीत — कुणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. काच डोळ्याला लखलखीत होती, पाणी एकसंध उतरत होतं, अन तरी पावडर आत चिकटून बसली होती. माझा थेंबाचा कायदा इथं कमी पडला.

आणखी एक सुचलं. मोरीचं पाणी नाल्यात जातं. नाला जलपर्णीनं भरलाय, वर पाय ठेवून चालावं असा. नगरपालिकेला शिव्या देत होते मी. त्या जलपर्णीला वीस वर्षं मीच चारत होते की काय? विचारायला पाहिजे अपेक्षाला.

पण अपेक्षाला काय म्हणून विचारू?

२३ मार्च

सांगितलं नाही. एकतीस वर्षं एक बाटली परत आली नाही. आली ती नातीची.

२५ मार्च, मंगळवार

नळ. बाटल्यांना हात लावला नाही. हात शिवशिवत होते. अपेक्षा मोरीत डोकावली. “आज बाटल्या तशाच, आजी?”

म्हणजे मी धुते हे तिला दिसलेलं होतं. “पाय दुखतात,” म्हटलं. खोटं. ती उगाच थोडी थांबली अन गेली.

२७ मार्च

उद्या मॅडमची खोली. पोरगी दहाला पोचेल, मी नऊच्या गाडीनं जाते. तिच्या आधी मॅडमपुढं उभी राहून सांगते — हात तिचे स्वच्छ आहेत, माझे जास्त स्वच्छ आहेत, गडबड तिथं आहे. पावडरीचा डबा पिशवीत घातला. पुरावा लागतो.

२८ मार्च, शुक्रवार

सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत, ही त्यांची भलाई. “आजी, पावडर तिनं बारा तारखेलाच आणून तपासली. तिला पक्कं केल्याची ऑर्डर कालच टाईप झाली.” अन वही पुढं ठेवली. पोरीचं अक्षर. दोन रकाने — ‘लॅबमध्ये धुतलेल्या’, ‘आजीने धुतलेल्या’.

दहाला अपेक्षा आली. विचारलं, मला का नाही बोललीस? म्हणे, “सांगितलं असतं तर तू वेगळ्या धुतल्या असत्या. मग मला कळलं कसं असतं?”

पंचवीसची ओळ रिकामी होती. पुढं शेरा — ‘आजीचे पाय दुखत असल्याने प्रयोग झाला नाही.’