नववं रेकॉर्डिंग

सोमवार, ४ तारीख
पोचले एकदाची! विद्यापीठाच्या वसतिगृहात खोली मिळाली आहे. खिडकीखाली टेबल, टेबलावर चक्क चालू असलेला दिवा. निघताना दादाने बजावलं होतं, मुलाखतीत जपून बोल, तुझं तोंड म्हणजे फुटका नळ. संशोधन सहायकाची एकच जागा, आणि उमेदवारही मी एकटीच! विभागाच्या कारकुनांनी हे सांगितल्यावर मला हसूच आवरेना. ते मात्र हसले नाहीत.

मंगळवार, ५ तारीख
मुलाखत पन्नास मिनिटं चालली. खोटं बोलताना माणसाचा आवाज कसा बदलतो, हा प्राध्यापक बाईंचा विषय. माझा प्रबंध त्यांनी दोन बोटांत उचलला, मेलेलं झुरळ उचलावं तसा. एका उत्तरात मी दोनदा ‘बहुधा’ म्हटलं, तर म्हणाल्या, तुम्हाला घरी बहुधा कोणी टोकत नसावं. कानशिलं तापली. तरी दुसऱ्या फेरीला बोलावलंय, शुक्रवारी. तोवर चाचणी: जुनी रेकॉर्डिंग ऐकून शब्दन् शब्द टाइप करायचा. खोकला, उसासासुद्धा.

बुधवार, ६ तारीख
आठ झाली. सगळ्या याच जागेच्या मुलाखती. मुली वेगवेगळ्या, प्रश्न विचारणारा आवाज बाईंचाच. सुरुवातीला प्रत्येकजणी ऐटीत बोलते. चाळिसाव्या मिनिटाला रडते, मला जाऊ द्या म्हणते. मग खुर्ची पडते. त्यानंतर फक्त बाईंचा संथ श्वास.
कारकुनांना विचारलं, या मुली पुढे कुठे गेल्या? म्हणाले, कुठे जाणार, विभागातच आहेत.
तीन दिवसांत विभागात मला एकही मुलगी दिसलेली नाही.

गुरुवार
नववं रेकॉर्डिंग माझं आहे.
मंगळवारचं नाही. आवाज माझा, अडखळणं माझं, पण हे प्रश्न मला अजून कोणी विचारलेलेच नाहीत. बाई विचारतात, तलावात धाकट्या बहिणीचा हात कसा सुटला? आणि मी म्हणते — सुटला नाही. मी सोडला.
हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. आईलासुद्धा नाही. चौदा वर्षं.
पुढचं ऐकवेना. हेडफोन टाकून पळत आले.

शुक्रवार
दुसऱ्या फेरीला जाणार नाही. बॅग भरली. दादाला फोन केला, आज घरी येते म्हणून. तो म्हणाला, विभागातून फोन आला होता, आईला काहीतरी ऐकवलं. ती जेवलेली नाही. तू इकडे येऊ नकोस.
मी सांगत होते, अरे, ते मी बोललेच नाहीये अजून —
त्याने विचारलं, पण खरं आहे का?
मला खोटं बोलता आलं नाही.

शनिवार, सकाळ
दहा वाजले. दारावर टकटक. बाई. म्हणतात, हरकत नाही, मुलाखत इथेही घेता येईल.
कडी लावली आहे. दाराला टेबल लावलं आहे.
व्हरांड्यात टाइप करण्याचा आवाज. एक नाही, बरेच हात. मी हुंदका दिला की टकटक, थांबले की थांबतात.
आवाज आता दाराच्या अलीकडून येतोय. कडी तशीच आहे —
बाई विचारतात, हात सोडलात तेव्हा तुम्ही हसत होतात का?
नाही म्हटलं.
म्हणाल्या, पुन्हा.
नाही —
पुन्हा.
हो. हसत होते. आम्ही खेळत होतो, मला वाटलं ती लगेच वर ये