सुपाचं विमान

आरमोरी
ता. १७ ऑगस्ट १९८६

चि. धर्मपाल यास बाबांचा जयभीम आणि आशीर्वाद.

इकडे आम्ही खुशाल आहोत, तुझी खुशाली कळवावी. धानाची रोवणी आटोपली. बांधीत पाणी भरपूर आहे. काळ्या गाईला गोऱ्हा झाला. तुझं बंगलोरचं पत्र मिळालं. चाचण्या महिनाअखेरपर्यंत चालतील, रोज विमानात बसून वर जावं लागतं, असं लिहिलंस. तेव्हापासून आभाळात काही गुरगुरलं की मी बाहेर येतो. इकडून विमान जात नाही हे मला माहीत आहे, तरी येतो.

उन्हाळ्यात नागपूरच्या मोटारीनं आला होतास तेव्हा मायचं सूप विमानासारखं हातात धरून तू आम्हाला तुझं काम समजावलं होतंस. सूप पुढून उचललं की नाक वर, वेग कमी. झुकवलं की नाक खाली, वेग जास्त. पायलटाऐवजी यंत्रानं ते नाक सांभाळायचं, आणि तू मागं बसून रेडिओसारखी बटणं फिरवत त्याला वळण लावायचं. यंत्र उतावळं ठेवलं, तर वेग जरा घसरला की ते एकदम नाक दाबतं, मग घाबरून एकदम उचलतं, आणि विमान वरखाली उसळत राहतं. सुस्त ठेवलं, तर वेग पार घसरेपर्यंत ते काही करतच नाही. मग विमान पडतं.

माय हसून म्हणाली होती, "हे तं तुह्या बाबासारखं झालं रे! कोंबडी खोकलली तरी हे मानूस डॉक्टर बलावते. याचं बटन कुठी हाय? जरा कमी कर ना."

तू माझ्या कानाशी बटण फिरवल्यासारखं केलंस. आपण तिघंही हसलो.

तेव्हापासून मी स्वतःला आवरत होतो, धर्मपाल. रोवणीच्या सुरुवातीला मायच्या पायांवर सूज आली, मी उसळलो नाही. चिखलात उभी राहते म्हणून असेल, म्हटलं. मग आडवं झालं की तिला दम लागायला लागला, भिंतीला टेकून झोपायची. मी म्हटलं, "गडचिरोलीले दाखवू का?"

"झालं तुमचं सुरू? रोवणी होऊ द्या."

मी गप्प बसलो. जन्मात पहिल्यांदा गप्प बसलो.

वर आरमोरी लिहिलं, खुशाल लिहिलं, ते दोन्ही सवयीनं. खोडत नाही, खोडलेलं पाहून तू घाबरशील. माय गडचिरोलीच्या दवाखान्यात आहे आणि मी तिच्या खाटेजवळ बसून लिहितो आहे. हृदय थकलं, छातीत पाणी झालं, असं डॉक्टर म्हणतात. लवकर आणलं असतं तर, असं मी विचारलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "मुलगा असेल तर बोलावून घ्या."

तार करायला पोस्टात गेलो होतो. तिथं हात थांबला. आपल्याकडे तार म्हणजे एकच बातमी. ती कोणी तुला विमानाच्या पायरीवर दिली आणि तू तसाच वर गेलास तर? बटण चुकून जास्त फिरलं तर? पत्र तू संध्याकाळी खोलीवर बसून वाचशील. पण पत्राला पाच-सहा दिवस लागतात, आणि इथं तेवढे आहेत की नाहीत, कोणी सांगत नाही. उतावळा होऊ की सुस्त राहू, मला काही कळेनासं झालं आहे.

माय म्हणते, "त्याले लिहू नोका. तो आभाळात असते." आणि थोड्या वेळानं डोळे उघडून विचारते, "नागपूरची मोटार आली काय?"

हे वाचल्यावर वर जाऊ नकोस. एकदाही नको. साहेबांना सांग आणि आगगाडीनं ये.

दुःखाच्या पत्राचा कोपरा फाडतात, तुला ठाऊक आहे. या पत्राचे चारही कोपरे शाबूत आहेत, हात लावून पाहा. ते तसे आहेत तोवर ये. पुढच्या पत्राचा कोपरा फाडायची वेळ आली तर ते माझ्या हातानं होणार नाही.

मोटारीची वाट पाहणारी तुझी माय,
आणि बटण कितीवर ठेवावं ते न कळलेला
तुझा बाबा लहानू