कुंपणास ना-हरकत

चिकलठाणा,
दिनांक ९ फेब्रुवारी २०२५

श्री. साहेबराव यांस,

त्रिंबक याचा नमस्कार व जय भीम. दोन्ही रिवाजापुरते समजावेत. आपली प्रकृती उत्तम असणारच. शेजाऱ्याच्या तोंडासमोर आठ फुटी पत्रे उभे करणाऱ्या माणसास काय होते?

आपण बी.ए., मी चौथी पास. तरी कुंपणास महानगरपालिकेची परवानगी लागते, हे आपणांस माझ्या तक्रारीनंतर कळले. नोटीस आली, तेव्हा चिरंजीव इंद्रजीत यास ना-हरकतीचा कागद देऊन माझ्याकडे धाडलेत. स्वतः आला नाहीत. पोरगा म्हणाला, "काका, शेजाऱ्याची सही असली की परवानगी मिळती म्हणं." मी त्यास दारातूनच परत पाठविले. दोष त्याचा नाही, पाठविणाऱ्याचा आहे.

सुरुवात मी केली, असे आपण गल्लीत सांगता. आपल्या कोंबड्यांनी माझा मेथीचा वाफा उकरला, म्हणून मी मधल्या तारेवर बाभळीच्या फांद्या बांधल्या. काटे बाहेरच्या अंगास ठेवले. आमच्यात मेंढ्यांचा वाडा असाच घालतात, लांडग्याच्या बाजूस काटे. बाहेरचे अंग आपले निघाले, त्यास माझा इलाज नाही. आमच्या घरची बानाबाईसुद्धा खाटेवरून म्हणाली, "लांडगा हाय व्हय तिकडं? सायबराव हाय. काढा ते काटे." मी बायकांना विचारून कुंपण घालीत नाही. आपल्या सौ. कडूबाईंच्या मनगटास काटा लागल्याचे मागाहून कळले. कालवणाची वाटी तारेवरून देण्याचे त्यांना काही कारण नव्हते. तेवढ्यावरून आपण पत्रे ठोकलेत.

बानाबाईचा या वादाशी संबंध नाही. लकव्याने गेलेली तिची उजवी बाजू तशीच आहे. खाट खिडकीपाशीच आहे. मी भाकरी दुधात कुस्करून देतो, ती तोंड फिरविते. पूर्वी कडूबाई तारेपलीकडून ओरडत, "बाने, गिळ की गं. नवऱ्यानं केलं म्हणून लई नखरे नको." ती हसे आणि खाई. मला तो आरडाओरडा कधीच आवडला नाही. पत्रे लागल्यापासून त्या फिरकल्या नाहीत. घरातून मनाई असावी.

परवापासून ती पाणी तेवढे घेते. डॉक्टर नाकातून नळी घालावयाची म्हणतात. काल मी स्वतः कडूबाईंचे शब्द बोलून पाहिले. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली, आणि मग पत्र्याकडे.

सोबत ना-हरकत सही करून जोडली आहे. खिडकीसमोरचा एक पत्रा तेवढा काढावा. बाकीचे खुशाल आभाळापर्यंत न्यावेत. आपले दर्शन जितके कमी, तितके बरे. तेथील काटे मी सकाळीच उतरविले आहेत. कोंबड्यांविषयी माझे मत बदललेले नाही.

उत्तर लिहू नये. कडूबाईंना जेवणाच्या वेळी पाठवावे. आजच.

बानाबाईचा नवरा,
त्रिंबक