शिसवी फूटपट्टी

८ नोव्हेंबर १९५४, सोमवार

आठवीत बेचाळीस डोकी, फूटपट्टी एकाकडे नाही! म्हणून माझीच शिसवी पट्टी वर्गभर फिरवतो. वर्ध्याला शिकताना बक्षीस मिळालेली. वीस वर्षं तिच्यावर शिकवतोय, पण रोहण्याच्या या ठोंब्यांना ती फक्त मार खायची वस्तू वाटते. आज तिचं टोक चारदा टेबलावर आपटलं, तेव्हा कुठे गप्प झाले.

एकटी देवका माझी पट्टी घेत नाही. "माह्याजवळ बाबाची हाय, सर." बाप पुंडलिक सुतार. पोरीच्या दप्तरालाही सरसाचा वास.

१५ नोव्हेंबर

चाचणी. तीन, चार, पाच इंचांचा त्रिकोण काढा, मोठा कोन मोजा. एवढंच! एकेचाळीस जणांचा कोन एक्क्याण्णव. कोनमापक धरणं म्हणजे वखर धरणं नव्हे, हे यांना कोण सांगणार? निदान बाजू माझ्या पट्टीला बरोबर, म्हणून पास केले.

देवकाचा कोन नव्वद आला — योगायोग. पण तिन्ही बाजू एकेक सूत जास्त. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुताराच्या पोरीला तरी कळायला हवा. शून्य दिलं.

१६ नोव्हेंबर

देवका उभी राहिली. "सर, एकडाव बाबाच्या पट्टीनं मोजून पाहा ना."

साऱ्या वर्गाचं जुळतं, हिचंच तेवढं जुळत नाही, आणि वर ही मला शिकवणार! हात पुढे करायला लावला. पट्टीचे दोन फटके. रडली नाही. निगरगट्ट.

२० नोव्हेंबर, शनिवार

पुंडलिक आला. गणितात नापास झालीस तर शाळा बंद, असं त्याने पोरीला बजावलं होतं म्हणे. हेडमास्तर वासुदेवराव मध्ये पडले — पोरगी हुशार आहे, राहू द्या. हुशार!

पुंडलिकने मलाच विचारलं, "सर, वार्षिकले पास होईन काय हे? खरं सांगजा."

मी म्हटलं, जिला तीन इंच मोजता येत नाहीत तिचं काय सांगू? त्याने दाखला मागितला. मीच लिहून दिला. शेरा — भूमितीत कच्ची, हट्टी. आता आष्टीला मावशीकडे जाईल, शेण थापील. वर्गाची कटकट गेली.

२९ नोव्हेंबर

वर्गातल्या कोनाड्यात नकाशांसाठी फळी हवी. पट्टी चार वेळा ठेवून मीच माप घेतलं. बरोबर चार फूट. गावात सुतार एकच, म्हणून पुंडलिकला चिठ्ठी धाडली.

४ डिसेंबर, शनिवार

फळी अर्धा इंच लांब! कोनाड्यात जाईचना. बाप तशीच लेक. वर्गासमोर त्याला चांगला झापला.

त्याने टेबलावरची माझी पट्टी उचलली, टोक अंगठ्याने चाचपलं, आपल्या पट्टीला लावून ठेवली. माझी एक सूत आखूड; चारदा ठेवली, म्हणजे अर्धा इंच. शून्याकडचं टोक झिजून गुळगुळीत झालेलं. त्याच टोकाने मी टेबल बडवतो.

"पोरगी सांगे, सर," तो म्हणाला. "मीच आयकलं नाई. म्हटलं, सरची पट्टी कशी चुकन."

मग फळी कापली, बसवली आणि गेला. पोरं सगळी बघत होती. मला मान वर करता आली नाही.

५ डिसेंबर, रविवार

वासुदेवरावांची पट्टी आणून बेचाळीस पेपर पुन्हा मोजले. एकच बरोबर.

उद्या सकाळच्या मोटारीने आष्टीला जातोय. तो दाखला परत मागायचा आहे. ती देईल का?