कंपनीची चटई कोण आणणार

बंडाबर्ग, मंगळवार, १२ ऑगस्ट

प्रिय आई,

देव तुला सुखात ठेवो. आम्ही दोघे बरे. दादाने रविवारी नारळाच्या दुधात अळूची पानं शिजवली, नुसतं पाणी झालं. तरी मी दोनदा घेतलं. कामाचं नंतर सांगतो. फोनवर तू रडतेस, म्हणून हे पत्र उद्या तिकडे निघालेल्या पाद्रीबाईंच्या हाती पाठवतोय.

मामा म्हणाला, शनिवारी पहाटे आपल्या बेटाच्या रीतीप्रमाणे तुम्ही पिटाच्या आईच्या दारात डोक्यावर चटई घेऊन गुडघे टेकणार, ती चटई उचलून माफ करेपर्यंत. का, तर पिटा कंपनीत रताळ्यांच्या सरकत्या पट्ट्यात सापडून गेला तेव्हा दादा मुकादम होता.

आई, कोर्टात आरोपी दादा नाही, कंपनी आहे. इथे कंपनीवरही माणूस मारल्याचा खटला चालतो. नाव पुकारलं तर वकीलच उठला! अशा आरोपीची आई कोण? तिची चटई कोण आणणार?

तो वकील सगळं दादावर ढकलतोय. म्हणे, "पट्ट्यावरची जाळी काढू नये, हा नियम भिंतीवर होता." होताच की. त्याच्याच खाली उभा राहून आमचा मॅनेजर ग्रँटसाहेब रोज ओरडायचा, "रताळी अडकतायत, काढा ती जाळी! इथे काय बेटावर लोळताय?" सरकारी वकीलबाई म्हणतात, कायदा नुसती भिंत बघत नाही, रोज काय चालतं तेही बघतो. पण ते सांगायला कुणीतरी हवं. आणि तुम्ही गुडघे टेकलेत तर तो वकील म्हणेल, घरच्यांनीच कबूल केलं.

मी दादाला म्हटलं, "आईला थांबव."

तो भांडी घासत होता. "येड्या, पिटाच्या आईने निकालाची वाट बघत बसायचं का? जाऊ दे आईला. तिला सांग म्हणावं, माझ्या थोरल्याच्या डोळ्यांदेखत गेला गं तुझा पोर."

मग जा तू.

आता कामाचं. काल मी साक्ष दिली, ग्रँटसाहेब काय ओरडायचा ते सगळं सांगितलं. कंपनीच्या वकिलाने विचारलं, "शिक्षण किती?" म्हटलं, "फार नाही, पण कान शाबूत आहेत." सगळे हसले. दादा तेवढा खाली बघत होता. आज सकाळी कंपनीत सांगितलं, तुझं काम संपलं, उद्यापासून येऊ नको.

दादाला निकालापर्यंत इथून हलता येत नाही. मी शुक्रवारच्या विमानाने निघतो. चटईखाली त्याची जागा मोकळी ठेव, तिथे मी बसेन.

तुझा धाकटा,
सेफो