यादीतला दुसरा नंबर

लिंबायत, सुरत
१० एप्रिल २०२५

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे खुशाल आहेत. चंचलसाठी उधन्याच्या एका नव्या शाळेचा फॉर्म भरला. त्यात विचारलं होतं, घरी मराठी कोण लिहितं? मी माझं नाव ठोकून दिलं. मग आठवलं, लग्नानंतर एक ओळ लिहिलेली नाही. म्हणून हा सराव.

तिथे अर्धा दिवस गुजराती, अर्धा दिवस मराठी. जागा भरल्यात, पण प्रतीक्षा यादीत आपला दुसरा नंबर आहे. पहिला कविताच्या मुलीचा, आपल्या गावच्याच, इथे सुरतेत दिलेल्या कविताचा. जागा निघाली की फोन येतो. दुसऱ्या दिवशी पाचपर्यंत मुलीला घेऊन गेलं नाही, तर पुढच्या नंबराला बोलावतात. चंचल फोनवर गुजरातीत बोलते आणि तू नुसतं हो हो करतेस, ते मला बघवत नाही गं.

लोभ आहेच, तो आता कागदावरही असू दे.

तुझी,
हर्षदा

रनाळे, जि. नंदुरबार
१६ एप्रिल

चि. सौ. हर्षदास,
अनेक आशीर्वाद.

पत्र चारदा वाचलं. सकाळी बेरीज गुजरातीत आणि दुपारी वजाबाकी मराठीत, तर भागाकार कशात? आणि मधल्या सुट्टीत पोरं भांडतात कुठल्या भाषेत? नीट विचारून कळव.

यंदा आखाजीच्या सणाला माहेरी येऊ नकोस. कविता येणार, तिच्या आईने झोका बांधायला घेतलाय. झोक्यावर बसली की तिला फोनची शुद्ध राहत नाही. तू तिथेच बस. माझा झोका रिकामा राहील, राहू दे.

जावईबापूंना आशीर्वाद. चंचलला माझ्या वाटणीचा सांजोऱ्यांचा घास.

तुझी,
आई

सुरत
३ मे

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आखाजीच्या आदल्या दिवशी शाळेचा फोन आला, ते तुला लगेच फोनवर कळवलंच होतं. जागा निघालीय, पण कविता फोन उचलत नाही; उद्या पाचपर्यंत ती आली नाही तर जागा तुमची, असं म्हणाले. मीही दोनदा लावला. तिसऱ्यांदा लावला नाही, हे तुलाच सांगते.

आखाजीला चंचलला नवा फ्रॉक घालून दुपारी तीनपासून शाळेच्या फाटकाशी उभी होते. पाचला वीस मिनिटं असताना रिक्षातून कविता उतरली, हातावर ताजी मेंदी, कडेवर पोर. जागा तिची झाली. तिला कळलं कसं? मी तुझ्याशिवाय कुणालाच बोलले नव्हते. कविता सांगत नाही, नुसती माझा हात धरून रडते.

तुझी,
हर्षदा

रनाळे
८ मे

चि. सौ. हर्षदास,
अनेक आशीर्वाद.

माझ्याशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतंस ना? मग शोधायला लांब कशाला जातेस?

आखाजीला सकाळी कविता झोक्यावर गात होती. तिची पोर माझं बोट धरून गुजरातीत काहीतरी मागत होती आणि मी नेहमीसारखं हो हो करत होते. तेव्हा माझ्याने गप्प राहवलं नाही. तुझ्या भावाला, चेतनला मोटारसायकल काढायला लावली आणि दोघींना नंदुरबार स्टेशनला पाठवलं. तुझ्या मुलीची जागा मीच घालवली. तुला तिथे बसायला सांगणारीही मीच.

आता चंचलचा पहिला नंबर आहे. तोवर सुट्टीत तिला माझ्याकडे धाड. सकाळी ती मला गुजराती शिकवेल, दुपारी मी तिला मराठी. फॉर्मची गरज नाही.

लोभ कमी झाला असेल तर तसं लिही. पण लिही.

तुझी,
आई