कपकेकचा मोर

२१ एप्रिल २०१३

येताहेत! भूपेंद्रचे आईबाबा येताहेत. आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली, आचल पाच वर्षांची होईल, आणि आता यांना नात आठवली. येत्या रविवारी, तिच्या वाढदिवसाला. दरेकशावरून सकाळच्या गाडीने येणार, संध्याकाळी परत.

आचल घरभर नाचते आहे. "माझी पण आजी येणार!" जशी काही हिला आजीच नाही. माझी आई गोंदियात बिड्या वळून हिला फ्रॉक आणते, ती कोण मग?

२२ एप्रिल

मागे एकदाच आले होते, आचल झाली तेव्हा. सासूबाई पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं प्यायल्या. मी ठेवलेल्या चहावर साय धरली, कुणी हात लावला नाही. बिस्किटाचा पुडा मात्र फोडून खाल्ला! पाकीटबंद चालतं. बौद्धाच्या मुलीच्या हातचं चालत नाही, बस.

म्हणून डोकं लावलं. मोठा केक करायचाच नाही. मोठा केक म्हणजे मी कापणार, मी वाढणार — आलं सगळं. त्यापेक्षा कागदी कपात छोटे छोटे करायचे, जवळजवळ मांडून त्यांचा मोर बनवायचा, वरून आयसिंग. ज्याने त्याने आपला कप उचलावा. एकदा माझ्या घरचं खाल्लं की पुढचं सोपं. मला त्यांच्या मायेची हौस नाही. उद्या त्यांच्या घरच्या पंगतीत माझ्या पोरीला कुणी बाजूला बसवू नये, एवढंच पाहिजे.

२४ एप्रिल

पहिला घाणा वाया. कढईत मीठ तापवून वर कागदी कप ठेवले, तर सगळे पसरून पोह्याच्या पापडासारखे चपटे! मग स्टीलच्या वाट्यांत कप बसवले. फुगले बरोबर. लोण्याच्या आयसिंगचं या उन्हात पाणी झालं. डालडा आणि पिठीसाखर घोटली तेव्हा कुठे ते जागेवर राहिलं. आचल मैदा चाळत होती. नाकापर्यंत पांढरी.

२६ एप्रिल

भूपेंद्र म्हणतो, "तुझ्या आईला सोमवारी बोलावलं तर? एकदम सगळे नको."

मी भांडले नाही. आईला फोन लावला. माझं वाक्य तिनेच पूर्ण केलं. "समजलं बाई. कायले रडून राहिली? पोरीचं जमू दे."

रडत नव्हते मी. लाज वाटत होती.

२७ एप्रिल

लाईट गेली. मिक्सर बंद. हातानेच घोटते आहे. मनगट गेलं कामातून.

२८ एप्रिल

मोर झाला. पाटावर मांडला — अंगाला हिरवे कप, पिसाऱ्याला निळे. मधल्या फटी आयसिंगने बुजवल्या. दुरून पाहिलं तर एकसंध, कुठे जोड दिसत नव्हता. ती मंडळी पोचायच्या आधीच उन्हाने मान घसरायला लागली तेव्हा परातीत गार पाणी घालून त्यात पाट ठेवला. सावरली.

सासूबाई बराच वेळ पाहत राहिल्या. म्हणाल्या, "कोन्या बेकरीतला होय?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात भूपेंद्रच बोलला. "गोंदियातल्या, मा. मोठी बेकरी आहे." आणि आचलकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मैदा चाळलेल्या पोरीने! मी खाली पाहिलं.

मग काय, सासूबाईंनी पिसाऱ्यातला कप उचलला. आणखी एक. "लय मऊ हाय. बेकरीवाल्याच्या हाताले चव आहे." सासऱ्यांनीही मागून घेतला. माझ्या हातचं त्यांच्या पोटात गेलं आणि त्यांना पत्ता नाही! हसू येत होतं, आणि पाट उचलून अंगणात फेकावासाही वाटत होता.

निघताना सासरे म्हणाले, "सुट्ट्या लागल्या ना? पोरीले येऊ द्या आमच्यासंग. आमचं रक्त आहे." आचल उड्या मारत गेली. हेच तर हवं होतं मला.

२९ एप्रिल

आई आली. मोराची मान तेवढी तिच्यासाठी काढून ठेवली होती. ती खाऊन "गोड झालं" म्हणाली.

रात्री भूपेंद्रशी कडाक्याचं भांडण. "काऊन तमाशा करून राहिली? खाल्लं ना त्यांनी!" मी सांगून टाकलं — आचल आली की तिच्यासमोर म्हणायचं, केक मम्मीने केला होता. हे खोटं या घरात पुन्हा नाही. तो कूस बदलून झोपला.

१० मे

घर खायला उठतं.

२५ मे

बुद्धपौर्णिमा. आचल काल आली. उन्हाने काळवंडली आहे, पण खूश. गाय, वासरू, मोठी आजी — सासूबाईंना आता हेच म्हणते — दुसरं बोलणं नाही. कालपासून जेवत मात्र नाही. बिस्किटाचे पुडे तेवढे फोडते. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

आज आईने खीर आणली. वाटी पुढे केली तर आचल मागे सरकली. "नको. मोठी आजी म्हणते, तुमच्या हातचं नाही खायचं. मम्मीच्या पण नाही."

आईने वाटीवर झाकण ठेवलं. "लेकरू आहे, विसरून जाईल," म्हणाली आणि लगेच निघाली. मी तिला वळणापर्यंत पोचवायलाही गेले नाही.

भूपेंद्रही तेच म्हणाला. विसरून जाईल.

२७ मे

अजून नुसती बिस्किटंच. पोरीचे डोळे खोल गेलेत. आज तिला बाहेर खेळायला पाठवून एक कपकेक केला, वर मोराचाच निळा रंग.

आली, हातात घेतला, वास घेतला. तोंडाला पाणी सुटलेलं दिसत होतं. तरी थांबली. हळूच विचारलं, "मम्मी, बेकरीतला आहे ना?"

मी हो म्हणाले.

खाल्ला.